झिजलेला आंगठा

‘आंगठाबहाद्दर’ हा शब्द आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. ज्यास लिहितांवाचतां येत नाहीं, जो सहीच्या जागीं शाईनें माखलेला आंगठा उठवितो, त्यास उद्देशून शिकलेलीं माणसें हा शब्द थट्टेनें योजितात. परंतु एखाद्या आंगठ्यानें पाऊणशें वर्षांत काय काय केलें, कोणकोणत्या कागदांवर तो उठला आणि शेवटीं त्याच्या रेघा कशा पुसल्या गेल्या, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अशाच एका आंगठ्याची हकीगत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांचा तो आंगठा, ते आमच्या गांवचे एक वृद्ध शेतमजूर होत. लहानथोर सर्व त्यांस ‘बाबा’ म्हणतात. त्यांचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं; कारण अशीं माणसें आपल्या परभणी जिल्ह्यांत गांवोगांवीं आहेत, आणि हा लेख वाचतांना पुष्कळांस आपापल्या गांवचे बाबा आठवतील.

आमचें गांव गंगाखेड तालुक्यांत, गोदावरीपासून कोस-दीड कोसावर आहे. जमीन काळी आणि कसदार. उन्हाळ्यांत तिला वीतवीत भेगा पडतात, आणि पावसाळ्यांत तींत पाय रुतला म्हणजे पाय तेवढा वर येतो, वहाण तेथेंच राहते. आमच्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची जुनी चाल आहे. बाबांच्या वांट्याला काळींतला एक गुंठाहि आला नाहीं. पांढरींत मात्र त्यांचें दोन खणांचें घर आहे. त्या घरांत ते एकटे राहतात. पत्नी निवर्तल्यास बरींच वर्षें झालीं. मुलगा पुण्यास बांधकामावर आहे. सून व नातवंडें तिकडेच असतात. पंचाहत्तरी उलटून गेली, तरी हे गृहस्थ आपली भाकरी आपण थापतात, आपलें पाणी आपण भरतात, आणि कोणापुढें हात पसरीत नाहींत.

बाबांचें खरें वय किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. त्यांच्या जन्माच्या वेळीं आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९४८ सालच्या सप्टेंबरांत, १३ तारखेपासून १७ तारखेपर्यंत, भारत सरकारची पोलिस कारवाई झाली आणि संस्थानची प्रजा मोकळी झाली. ‘रझाकाराच्या धामधुमींत म्या आईच्या पदराखालीं व्हतो,’ एवढेंच बाबा सांगतात. त्यावरून त्यांच्या जन्माचें साल तेंच, किंवा फार तर त्याच्या मागचें, असें आम्ही ठरविलें आहे. पुढें आधार कार्ड काढण्याची वेळ आली, तेव्हां शाळेचा दाखला नाहीं, जन्माची नोंद नाहीं. कार्ड काढणाऱ्यानें त्यांच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलें आणि १ जानेवारी १९५८ अशी तारीख घालून टाकली. आमच्या गांवांतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जानेवारीलाच येतो! बाबा हंसून म्हणतात, ‘सरकारनं मला धा वर्सं तरणा केलाय.’ या तारुण्याची किंमत त्यांना काय पडली, तें पुढें ओघानें येईलच.

बाबांचा आंगठा कागदावर प्रथम उठला तो त्यांच्या बाराव्या-तेराव्या वर्षीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं. आमच्याकडे शेतगड्याचें वर्ष पाडव्याला सुरू होतें आणि पुढल्या पाडव्याला संपतें. म्हणून त्यास ‘सालगडी’ म्हणतात. वर्षाचे रुपये किती, ज्वारी किती, घोंगडें आणि वहाणा देणार कीं नाहीं, याची बोली होते. कांहीं रक्कम आगाऊ ‘उचल’ म्हणून मिळते. बाबांचे वडील त्या साली अंथरुणाला खिळलेले होते. उचल घेतली वडिलांच्या औषधासाठीं, आंगठा उठला मुलाचा. शेजारच्या घरांवर गुढ्या उभ्या होत्या, मुलें साखरेच्या गाठी गळ्यांत घालून हिंडत होतीं, आणि हा मुलगा बैलांना वैरण टाकण्यास धन्याच्या आखाड्यावर निघाला होता.

त्यानंतरचीं सालें त्यांनीं कशीं काढलीं, तें शहरांतल्या विद्यार्थ्यांस सांगितल्यावांचून कळणार नाहीं. सालगडी घरीं निजत नाहीं; तो शेतांतल्या आखाड्यावर जनावरांपाशीं निजतो. चांदणी उगवली कीं वैरण, मग मोट. नांगरणी, वखरणी, पेरणी, कोळपणी. ज्वारी हुरड्यांत आली कीं माळ्यावर उभें राहून गोफणीनें पांखरांची राखण. मग काढणी, मोडणी, मळणी, कडब्याची गंजी. सण आला तर जनावरांना सण नसतो. पोळ्याच्या दिवशीं बैलांची मिरवणूक निघते, त्यांच्या अंगावर झूल चढते; परंतु ज्यानें त्यांना नदीवर नेऊन धुतलें त्याच्या अंगावर मळकीच बंडी असते. बाबांस आजारी पडण्याची सुद्धां सोय नव्हती. कारण जितके खाडे होत, तितके दिवस पाडव्यानंतर भरून द्यावे लागत. ‘साल सरलं कीं पाडवा, आन् पाडवा सरला कीं साल,’ या एका वाक्यांत ते आपल्या तारुण्याची सारी बखर सांगतात.

आमच्या घरींहि बाबांनीं दोन सालें काढलीं. आम्ही तेव्हां प्राथमिक शाळेंत जात होतों. शाळा ओढ्यापलीकडे होती. पावसाळ्यांत ओढ्याला पाणी आलें म्हणजे बाबा आम्हांस खांद्यावर घेऊन पलीकडे पोंचवीत. पाटी-दप्तर डोक्यावर धरीत, म्हणजे तें भिजूं नये. आम्हांस शाळेच्या पायरीवर उतरवून ते क्षणभर दारांतून आंतल्या फळ्याकडे पाहत आणि परत फिरत. त्या पायरीच्या वर त्यांनीं कधीं पाऊल टाकलें नाहीं. आम्ही जीं चार अक्षरें शिकलों, तीं त्यांच्या खांद्यावरून जाऊन शिकलों, हें आज लिहितांना विसरतां येत नाहीं.

त्यांच्या आयुष्यांत पालट झाला तो, विलक्षण गोष्ट अशी कीं, एका महासंकटामुळें. १९७२ सालीं पाऊस पडला नाहीं. त्या दुष्काळाविषयीं आपल्या आजी-आजोबांस विचारा. अमेरिकेंतून आलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी, कामावर वांटली जाणारी सुकडी, डोक्यावर घागर घेऊन पाण्यासाठीं केलेली वणवण, हें सर्व त्यांस आठवत असेल. शेतांत कामच उरलें नाहीं, तेव्हां धन्यांनीं गडी सोडले. सरकारनें जागोजाग दुष्काळी कामें काढलीं. १९७३ सालच्या मे महिन्यांत राज्यभर सुमारें पन्नास लाख माणसें या कामांवर होतीं. बाबा व त्यांची पत्नी त्यांपैकींच. उन्हांत बसून तीं दोघें खडी फोडीत. पुढें गोदावरी ओलांडून पाथरीच्या बाजूस कालव्याच्या कामावर माती वाहावयास गेलीं. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं बसविली होती, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून तो परभणी जिल्ह्यापर्यंत पाणी आणतो. त्या कालव्यांतल्या किती पाट्या बाबांच्या डोक्यावरून गेल्या, याचा हिशेब कोणत्याहि कोनशिलेवर नाहीं.

या कामांवर त्यांचा आंगठा दुसऱ्यांदा उठूं लागला, हजेरीपटावर. परंतु या आंगठ्यांत आणि पाडव्याच्या आंगठ्यांत मोठें अंतर होतें. पहिल्या आंगठ्यानें वर्ष गहाण पडलें. दुसऱ्यानें केलेल्या कामाचे पैसे हातांत पडले आणि संध्याकाळ आपली राहिली. ‘मागेल त्याला काम’ हें तत्त्व विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालें. महाराष्ट्रानें १९७७ सालीं त्याचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. पुढें २००५ सालीं सर्व देशासाठीं असा कायदा झाला, त्यास महाराष्ट्राच्या या अनुभवाचा मोठा आधार होता. बाबांस यांतल्या तारखा ठाऊक नाहींत. ‘त्या टायमाला म्या पहिल्यांदा कुनाला न इचारतां घरी झोपलो,’ एवढें मात्र त्यांस पक्कें आठवतें.

या कामांवरच्या पैशांत पोट बांधून जें उरलें, त्यांतून नवराबायकोनीं दोन खणांचें माळवदाचें घर उभें केलें. सालगड्याचीं सालें त्यानंतरहि आलीं, कारण पोटाला दुसरा उपाय नव्हता. परंतु आतां परतावयास स्वतःचें दार होतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती अंगावर पडून हजारों माणसें निजल्या जागीं गेलीं. आमच्या गांवींहि भांडीं वाजलीं आणि माणसें बाहेर धांवलीं. त्यानंतर कित्येक रात्री कोणी घरांत निजेना. बाबा आणि त्यांची पत्नी यांनीं माळवदावरची माती पाटी-पाटीनें खालीं उतरविली आणि वर पत्रे घातले. पत्रा उन्हाळ्यांत तव्यासारखा तापतो. म्हणून चैत्र लागला कीं बाबा अजूनहि त्यावर तुराट्या आणि पऱ्हाट्या पसरतात. घर राखणें म्हणजे काय, तें अशा गोष्टींवरून समजतें.

मधल्या काळांत काळीचें रूप बदललें. ज्वारी आणि कापूस यांच्या जागीं सोयाबीन आला. त्याला कडबा नाहीं, म्हणून जनावरें घटलीं. जनावरें घटलीं तसे सालगडी घटले. नांगरटीला ट्रॅक्टर आणि मळणीला यंत्र आलें. कष्ट कमी झाले ही आनंदाची गोष्ट आहे. यंत्राविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या कामांत म्हाताऱ्या माणसाचा हात चाले, तींच हलकीं कामें आधीं गेलीं. बाबांनीं त्यावर आपल्यापुरता उपाय काढला आहे. ते अंबाडीचा वाख वळतात.

अंबाडी आपल्याकडे पाटाच्या कडेनें, पिकाच्या बांधानें पेरतात. पाला भाजीला जातो. ज्वारीच्या भाकरीबरोबर तिच्यासारखी रुचि दुसऱ्या भाजीस नाहीं. वाळलेलीं ताटें पाण्यांत कुजत घालून, धुऊन, जे धागे सुटतात तो वाख. बाबा दुपारीं ओट्यावर बसतात, वाखाचें एक टोक पायाच्या आंगठ्यांत अडकवितात आणि तळहातानें पीळ देत जातात. कासरा, दावें, वेसण, विहिरीचें चऱ्हाट, अशीं सर्व तऱ्हेचीं कामें ते करतात. बाजारांत नायलॉनची दोरी स्वस्त मिळते. तरी ज्यांच्या दारांत अजून बैल आहेत, ते पोळ्याच्या आधीं बाबांकडेच येतात, कारण वाखाची वेसण जनावराच्या नाकाला कापीत नाहीं. दिवाळीनंतर कापूस वेंचणीला ते चार तास जातात. फाल्गुनांत ज्वारीची काढणी आली, कीं पेंढ्या बांधावयास जातात आणि मजुरी पैशांऐवजीं धान्यांत घेतात. वर्षाची भाकरी ते अशी घरांत आणून ठेवतात.

‘मुलगा असतांना म्हाताऱ्यानें एकटें कां राहावें?’ असें कोणी विचारील. आम्हीहि विचारलें होतें. मुलगा वाईट नाहीं. तो दर आठवड्यास फोन करतो, सणास येतो, न्यावयासहि आला होता. बाबा एकदां पुण्यास जाऊन महिनाभर राहून आले. परत आल्यावर ते आम्हांस म्हणाले, ‘पोरगं चांगलं हाय, सूनबी चांगली हाय. पर तितं हाताला काम न्हाई. दार लावून बसायचं, आन् कुनी उघडलं कीं उठायचं. दुसऱ्याच्या घड्याळावर म्या लई दिस जगलो, बाबा. आतां उरल्यालं माजं मला जगूं द्या.’

या उत्तरानें आमचा सगळा विचारच बदलला. आपण समजतों कीं वृद्धाचा एकटेपणा म्हणजे दुःख, आणि त्याचा हट्ट म्हणजे आडमुठेपणा. कित्येकांच्या बाबतींत तें खरेंहि असेल. परंतु ज्या माणसानें बाराव्या वर्षापासून दुसऱ्याच्या हांकेवर ऊठ-बस केली, त्याला पहांटे केव्हां उठावयाचें, भाकरी दोन करावयाच्या कीं तीन, आज कामाला जावयाचें कीं ओट्यावर बसावयाचें, हें ठरविण्याची मोकळीक प्रथम मिळाली ती म्हातारपणीं, या दोन खणांत. देश १९४७ सालीं स्वतंत्र झाला, मराठवाडा १९४८ सालीं. बाबांचें स्वातंत्र्य त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं आलें. तें सोडून पुण्यास जाऊन बसावयास ते तयार नसतील, तर त्यांत नवल काय?

मात्र हें स्वातंत्र्य आपोआप टिकत नाहीं. त्याला बारीक बारीक टेंके लागतात, आणि त्यांतला एक निखळला तरी घर कलतें. हें आम्हांस प्रत्यक्ष दिसलें तें आंगठ्याच्या तिसऱ्या प्रसंगीं.

निराधार व अतिगरीब कुटुंबांसाठीं डिसेंबर २००० मध्यें अंत्योदय अन्न योजना निघाली. तीखालीं कार्डामागें दरमहा पस्तीस किलो धान्य मिळतें, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें. बाबांचें कार्ड या योजनेंतलें आहे. धान्याच्या दुकानांत आंगठा लावण्याचें यंत्र आलें, त्या महिन्यांत बाबा पिशवी घेऊन गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. यंत्रानें त्यांचा आंगठा ओळखला नाहीं. दुसऱ्या दिवशीं गेले, पुन्हां तेंच. मोटेच्या नाड्यानें, खुरप्याच्या मुठीनें, खडीच्या दगडांनीं, कपाशीच्या बोंडांच्या टोकांनीं आणि वाखाच्या पिळानें त्या आंगठ्याच्या रेघा साफ घांसून गेल्या होत्या. ‘हात झिजविले’ असें आपण अलंकारानें म्हणतों. येथें तें अक्षरशः खरें ठरलें. ज्या कष्टांमुळें तो मनुष्य धान्याचा अधिकारी झाला, त्या कष्टांनींच त्याची ओळख पुसून टाकली होती!

तिसऱ्या खेपेस शेजारची आठवींत शिकणारी मुलगी त्यांच्याबरोबर गेली. ती न बोलतां यंत्राकडे पाहत राहिली. मग तिनें बाबांचे हात कोमट पाण्यानें धुतले, पुसून कोरडे केले, आणि म्हणाली, ‘आजोबा, करंगळी लावून बघा बरं.’ आधारांत दाही बोटांचे ठसे नोंदलेले असतात, हें तिनें शाळेंत कोठें तरी ऐकलें होतें. करंगळीला आयुष्यांत काम सर्वांत कमी पडलें होतें. तिच्या रेघा शाबूत होत्या. यंत्रानें होकार दिला. पस्तीस किलो धान्य पदरीं पडलें. बाबा दुकानांतल्या सर्वांस करंगळी दाखवून म्हणाले, ‘किसनदेवानं गोवर्धन उचलला तो ह्याच बोटावर!’ दुकानांत हंशा पिकला. परंतु त्या हंशांत आम्हांस त्या मुलीचें मोठें कौतुक वाटलें. तिनें बाबांस पैसे दिले नाहींत कीं कींव केली नाहीं. जें त्यांच्या हक्काचें होतें, तें त्यांच्याच हातानें त्यांस मिळवून दिलें.

वयाच्या तारखेचें मात्र असें जमलें नाहीं. पासष्ट वर्षें पुरीं झालेल्या निराधार वृद्धांसाठीं आपल्या राज्यांत श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिची रक्कम पूर्वीं महिना ६०० रुपये होती, पुढें १००० झाली, आणि २०२३ सालीं १५०० करण्यांत आली. बाबांचीं पासष्ट वर्षें खरोखर पुरीं झालीं तीं २०१३ च्या सुमारास; कागदावर पुरीं झालीं १ जानेवारी २०२३ रोजीं. मधलीं दहा वर्षें ते कागदावर तरुण होते, आणि तरुणाला निवृत्तिवेतन मिळत नाहीं. दाखला आणा म्हणावें, तर ज्या शाळेच्या पायरीवरून ते परत फिरले त्या शाळेचा दाखला त्यांना कोण देणार? एका निष्काळजी तारखेनें एका गरिबाचें दहा वर्षांचें पथ्यपाणी नेलें. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पुढें कचेऱ्यांत बसाल, अर्ज भराल, नोंदी कराल. त्या वेळीं तुमच्या लेखणीखालीं येणारा आंकडा म्हणजे कोणाची तरी भाकरी असते, एवढें स्मरणांत ठेवा.

दुसरा टेंका शेजाऱ्यांचा. बाबा कोणाकडून फुकट कांहीं घेत नाहींत, परंतु देवघेव चालू असते. शेजारची बाई कालवणाची वाटी आणून देते. बाबा तिच्या शेळीचें दावें वळून देतात, नाहीं तर ती शेतावर गेली असतां अंगणांतल्या वाळवणाकडे लक्ष ठेवतात. वाटी रिकामी कधीं परत जात नाहीं. निदान चार हिरव्या मिरच्या तरी तींत असतात. एका श्रावणांत बाबांना कडक ताप भरला. हांक मारण्याइतकेंहि त्राण नव्हतें. सकाळीं शेजारणीनें पाहिलें कीं बाबांच्या पत्र्यावरून आज चुलीचा धूर निघत नाहीं. ती तशीच धांवत आली, चारचौघांस बोलाविलें, आणि बाबांस वेळेवर दवाखान्यांत नेण्यांत आलें. धूर निघाला कीं नाहीं, इतकेंच पाहणारा एक डोळा शेजारीं असावा लागतो. मग एकटा मनुष्य एकटा राहूं शकतो. ज्यास आपण स्वावलंबन म्हणतों, त्याच्या पायाखालीं असे कित्येकांचे हात असतात. आणि तसें असल्यानें स्वावलंबनास कमीपणा येत नाहीं.

आमचा तालुका संत जनाबाईंचा. परंपरेनें त्यांचें जन्मगांव गंगाखेड मानतात. नामदेवांच्या घरीं दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेंचणें हीं कामें त्यांनीं जन्मभर केलीं. लोककथा सांगते कीं प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्याबरोबर दळावयास बसे. लहानपणीं ही कथा ऐकतांना आम्हांस वाटे, देवानें जनाबाईंस जात्यावरून उठवून पाटावर कां बसविलें नाहीं? बाबांकडे पाहून त्याचें उत्तर आतां थोडेंफार समजतें. देवानें तिचें काम हलकें मानलें नाहीं. तो तिच्या जात्याशीं बसला, आणि खुंट्याला हात लावला. कष्टकऱ्यास मदत करण्याची याहून मोठी रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

वडीलधाऱ्या वाचकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. आईबापांचें पालनपोषण करणें हें मुलांचें कर्तव्य आहेच; २००७ सालीं तसा कायदाहि झाला आहे, आणि ज्यांस मुलांनीं टाकलें त्यांस त्याचा आधार आहे. परंतु पोसणें म्हणजे उचलून आपल्याजवळ आणून ठेवणें, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. ज्याचे हातपाय चालतात आणि ज्याचें मन आपल्या उंबऱ्यांत रमतें, त्याचा उंबरा राखणें हेंहि पोसणेंच होय. बाबांच्या मुलानें गेल्या उन्हाळ्यांत येऊन घराचे गंजलेले पत्रे बदलले आणि न्हाणीच्या वाटेवर धरावयास एक बळकट दांडी बसविली. पुण्यास चला, हा शब्द त्यानें या खेपेस काढला नाहीं. बाबा ती दांडी येणाऱ्याजाणाऱ्यास अभिमानानें दाखवितात.

विद्यार्थ्यांसाठीं तर काम अगदीं सोपें आहे. तुमच्या आळींत, तुमच्या गांवीं असा कोणी वृद्ध असेल, तर त्याच्या दारावरून जातांना दोन शब्द बोला. आलेला कागद वाचून दाखवा. अर्ज भरावयाचा असेल तर भरून द्या आणि तो भरतांना त्यांस विचारून भरा. यंत्र आंगठा ओळखीत नसेल, तर दुसरें बोट लावून पाहा. आणि त्यांच्या हातांत जी विद्या आहे, ती शिकवा असें म्हणा. कारण ज्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं तो लवकर म्हातारा होतो. ती आठवींतली मुलगी आतां बाबांपाशीं बसून वाख वळावयास शिकते, आणि त्याच्या बदल्यांत तिनें बाबांस सही करावयास शिकविण्याचें घेतलें आहे. नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें येऊं लागलीं आहेत. तिसऱ्या अक्षराला काना आहे. तो सरळ उभा येत नाहीं म्हणून बाबा सध्यां त्याच्यावर रागावलेले आहेत.